ताणाचे कोडे सोडवणारा डॉक्टर

(ताण हा शब्द आज लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. ताण आला की शरीरात नेमके काय घडते, याचा शोध घेण्यात डॉ. हान्स सेल्ये यांनी आपले सारे आयुष्य घालवले. इतरांना क्षुल्लक वाटलेला एक प्रश्न आणि एक फसलेला प्रयोग यांतून त्यांचा शोध कसा जन्माला आला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

परीक्षेचा पहिला दिवस असतो. सकाळी अम्मीने आवडीचा नाश्ता केलेला असतो, पण घास घशाखाली उतरत नाही. हात गार पडतात. छाती धडधडते. पोटात कसेसेच होते. प्रश्नपत्रिका अजून हाती आलेली नसते. आपल्याला कोणी मारलेले नसते, तापही आलेला नसतो. तरी सारे शरीर एखाद्या मोठ्या संकटासमोर उभे असल्यासारखे वागू लागते. असे का होते?

हा अनुभव तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो की मला ताण आला आहे. पण शंभर वर्षांपूर्वी हा शब्द या अर्थाने रूढ झालेला नव्हता. तो घराघरांत पोचवला तो डॉ. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने.

हान्स सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्या वेळी ऑस्ट्रिया आणि हंगेरी मिळून एक मोठे साम्राज्य होते. हान्सचे वडील हंगेरियन होते. ते सैन्यात शल्यचिकित्सक, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. आई ऑस्ट्रियाची होती. डॅन्यूब नदीच्या काठी असलेल्या कोमारोम या गावात हान्सचे बालपण गेले. हंगेरियन लोक त्याला यानोश या नावाने ओळखत.

घरात एकाहून अधिक भाषा बोलल्या जात. आईची भाषा वेगळी, वडिलांची वेगळी. शिवाय मुलाला परक्या भाषा शिकवण्याची सोय घरीच केलेली होती. त्यामुळे जर्मन, हंगेरियन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषा त्याला लहान वयातच येऊ लागल्या. दुसरी भाषा म्हणजे ओझे, असे त्याला कधी वाटले नाही. पुढे तो देशोदेशी गेला तेव्हा याच भाषा त्याच्या उपयोगी पडल्या.

हान्स लहान असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१८ मध्ये ते संपले आणि त्याबरोबर ते जुने साम्राज्यही कोसळले. नव्या सीमा आखल्या गेल्या. डॅन्यूबच्या उत्तरेकडचे कोमारोम चेकोस्लोव्हाकिया या नव्या देशात गेले आणि दक्षिणेकडचा भाग हंगेरीत राहिला. गाव तेच, नदी तीच. देश मात्र बदलला. शेकडो कुटुंबांवर अशी वेळ आली. माणसे एवढ्या मोठ्या बदलाला कशी तोंड देतात, हे हान्सने अगदी जवळून पाहिले.

डॉक्टर होण्याची परंपरा घराण्यातच होती. १९२४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हान्सने प्राग शहरातील जर्मन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. तेथे १९२५ मध्ये घडलेला एक प्रसंग त्याच्या पुढील आयुष्याला वळण देणारा ठरला.

त्या दिवशी प्राध्यापकांनी वर्गात काही रुग्ण आणले होते. प्रत्येकाला वेगवेगळा संसर्गजन्य रोग झालेला होता, पण सर्वांचे रोग अजून पहिल्या अवस्थेत होते. प्राध्यापक एकेका रुग्णाला तपासून त्याच्या रोगाची खास खूण मुलांना दाखवत होते. ती खूण ओळखायला कठीण होती. इतर लक्षणे मात्र कोणालाही दिसतील अशी होती. सर्वांचे चेहरे उतरलेले होते. जिभेवर पांढरा थर होता. सांधे दुखत होते. अंगात थोडा ताप होता आणि भूक मेली होती. प्राध्यापकांनी या लक्षणांकडे फारसे लक्ष दिले नाही. ती सर्वच रोगांत दिसतात, मग रोग ओळखायला त्यांचा काय उपयोग, असा त्यांचा विचार होता.

तरुण हान्सला मात्र नवल वाटले. रोग वेगळे, त्यांचे जंतू वेगळे, मग हे सारे रुग्ण एकमेकांसारखे का दिसतात? नुसते आजारी असणे म्हणजे शरीरात काय घडणे? प्रश्न इतका साधा होता की मोठ्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नसते. पुढे अभ्यासाच्या ओघात हान्सच्याही मनात तो मागे पडला. पण तो पुसला गेला नाही.

१९२९ मध्ये हान्स डॉक्टर झाला. १९३१ मध्ये त्याने रसायनशास्त्रातही डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. तेथून १९३२ मध्ये तो कॅनडातील माँट्रियल शहरात आला आणि मॅकगिल विद्यापीठात डॉ. कॉलिप यांच्या हाताखाली काम करू लागला. कॉलिप हे नामांकित शास्त्रज्ञ होते. मधुमेहावरील इन्शुलिन हे औषध माणसाला देता येईल इतके शुद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्या काळी संप्रेरकांचा शोध जोरात चालला होता. आपल्या शरीरातील काही ग्रंथी विशिष्ट रस तयार करून थेट रक्तात सोडतात. या रसांना संप्रेरके म्हणतात. ती शरीराच्या निरनिराळ्या भागांना निरोप पोचवण्याचे काम करतात. एखादे नवे संप्रेरक सापडले की शास्त्रज्ञाचे नाव जगभर होई. सेल्ये यांनाही अशाच एका संप्रेरकाचा शोध लावायचा होता.

त्यांनी जनावरांच्या अंडाशयाचा अर्क काढला आणि तो उंदरांना टोचला. काही दिवसांनी उंदरांची तपासणी केली तेव्हा तीन बदल दिसले. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठी झाली होती. छातीतील थायमस ग्रंथी आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या लसिका ग्रंथी आकसून गेल्या होत्या. जठराच्या आतल्या बाजूला व्रण पडून त्यांतून रक्त येत होते. आधी माहीत असलेल्या कोणत्याही संप्रेरकाने हे तीन बदल एकत्र घडत नसत. सेल्ये यांना अत्यंत आनंद झाला. आपल्याला नवे संप्रेरक सापडले, अशी त्यांची खात्री झाली. तेव्हा त्यांना तिशीही गाठायची होती.

पण खरा शास्त्रज्ञ आपल्या आनंदाचीही परीक्षा घेतो. सेल्ये यांनी दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचून पाहिले. परिणाम तोच! मूत्रपिंडाचा अर्क दिला, प्लीहेचा दिला, तरी तेच तीन बदल. आश्चर्य म्हणजे अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम जास्त. खरे संप्रेरक असते तर शुद्ध अर्काचा परिणाम अधिक व्हायला हवा होता. शेवटी त्यांनी फॉर्मॅलिन हे द्रव्य टोचून पाहिले. मेलेल्या प्राण्यांचे अवयव टिकवण्यासाठी प्रयोगशाळेत ते वापरतात. त्यात कोणतेही संप्रेरक असणे शक्यच नव्हते. त्यानेही तेच तीन बदल घडले, आणि तेही अधिक तीव्र!

सेल्ये यांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरला. नवे संप्रेरक वगैरे काही नव्हते. उंदरांना जे दिसत होते ते केवळ घाणेरड्या अर्काने झालेल्या त्रासाचे परिणाम होते. कितीतरी महिन्यांची मेहनत वाया गेली होती. कित्येक दिवस त्यांचे कामात लक्ष लागेना. दुसरा कोणी असता तर त्याने त्या नोंदी फाडून टाकल्या असत्या.

अशा निराशेच्या दिवसांत त्यांना प्रागमधला तो वर्ग आठवला. निरनिराळ्या रोगांचे, पण एकसारखे दिसणारे ते रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या रुग्णांचे आणि या उंदरांचे दुखणे एकच तर नसेल? त्रास कोणताही असो, त्याला तोंड देण्याची शरीराची एक ठरलेली रीत असेल काय? अकरा वर्षांपूर्वीचा प्रश्न आता नव्या रूपात समोर आला. प्रयोग तोच होता, नोंदी त्याच होत्या. फक्त त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

सेल्ये पुन्हा जोमाने कामाला लागले. त्यांनी काही उंदरांना कडक थंडीत ठेवले. काहींना दमेपर्यंत पळायला लावले. काहींना शस्त्रक्रियेची इजा झाली, तर काहींना थोड्या प्रमाणात विषारी औषधे दिली गेली. त्रास निरनिराळे होते, पण शरीराचे उत्तर एकच होते. तेच तीन बदल पुन्हापुन्हा दिसले. ४ जुलै १९३६ रोजी लंडनच्या 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे एक छोटे पत्र छापून आले. ते एक पानभरही नव्हते. ताणाच्या शास्त्राचा पाया त्या पत्राने घातला.

संकटाला तोंड देताना शरीर तीन अवस्थांतून जाते, असे सेल्ये यांनी दाखवून दिले. पहिली अवस्था धोक्याच्या इशाऱ्याची. उंदराला एकदम थंडीत ठेवले की त्याचे शरीर हादरते. दुसरी अवस्था प्रतिकाराची. काही आठवड्यांत उंदीर थंडीला सरावतो आणि वरून ठीक दिसू लागतो. तिसरी अवस्था थकव्याची. थंडी संपलीच नाही, तर काही महिन्यांनी त्याचा प्रतिकार ढासळतो. ज्या थंडीत तो आरामात राहत होता, तीच त्याच्या जिवावर उठते. म्हणजे सोसण्याची शक्ती अमर्याद नसते. ती खर्च होते.

हे सारे कसे घडते, याचाही उलगडा हळूहळू झाला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. धोक्याची वर्दी तेथे पोचली की तो आपल्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप पाठवतो. पीयूषिका आपले संप्रेरक रक्तात सोडते. ते अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावते. मग अधिवृक्क ग्रंथीची संप्रेरके रक्तात उतरतात आणि शरीराला लागणारी ऊर्जा मोकळी करतात. थोडा वेळ हे चालले तर ते उपकारक असते. पण महिनोन् महिने चालले तर हीच संप्रेरके शरीराची रोगप्रतिकारक शक्ती कमी करतात. ज्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांची थायमस ग्रंथी त्रास देऊनही आकसली नाही. यावरून अधिवृक्क ग्रंथीचा हा संबंध सेल्ये यांच्या ध्यानात आला.

आरंभी या कामाचे फारसे स्वागत झाले नाही. हा तरुण चांगल्या विषयावर काम करायचे सोडून उंदरांना त्रास दिल्यावर काय होते ते पाहत बसला आहे, असे काही अनुभवी मंडळींना वाटे. हा नाद सोडावा, असा सल्लाही त्यांना मिळाला. त्या कठीण काळात डॉ. बँटिंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इन्शुलिनच्या शोधासाठी १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळवलेले हेच ते बँटिंग. ते सेल्ये यांच्या प्रयोगशाळेत येऊन बसत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेत. त्यांच्या शब्दामुळे सेल्ये यांना थोडे अनुदानही मिळाले. रक्कम लहान होती, पण तिने मिळालेली हिंमत मोठी होती.

या स्थितीला नाव देताना सेल्ये यांनी इंग्रजीतील स्ट्रेस हा शब्द निवडला. तो पदार्थविज्ञानातील शब्द होता. तारेला वजन टांगले की तारेवर जो जोर पडतो त्याला स्ट्रेस म्हणतात आणि त्यामुळे तारेत जो बदल होतो त्याला स्ट्रेन म्हणतात. सेल्ये यांना शरीरातील बदलाविषयी बोलायचे होते. म्हणजे खरे तर दुसरा शब्द अधिक योग्य ठरला असता. इंग्रजी ही आपली जन्मभाषा नसल्याने ही गफलत झाली, हे ते पुढे मोकळेपणाने मान्य करीत. पण तोवर शब्द जगभर पसरला होता. मराठीत मात्र आपल्याला अडचण आली नाही. पतंगाच्या दोरीला पडतो तोही ताण आणि मनाला पडतो तोही ताणच.

१९४५ मध्ये सेल्ये माँट्रियलमधीलच फ्रेंच भाषेतून शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्यासाठी एक स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. तिचे संचालकपद त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. तेथे सुमारे ४० सहायक काम करीत. सेल्ये स्वतः पहाटेच उठत आणि सायकलवरून कामावर जात. या संस्थेत शिकून गेलेले रॉजर गिलमिन यांनी पुढे हायपोथॅलॅमसमधील संप्रेरके शोधून काढली आणि त्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. सेल्ये यांचे नावही नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले होते. ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. १९६८ मध्ये कॅनडा सरकारने मात्र त्यांना देशाचा मोठा सन्मान दिला.

१९५६ साली सेल्ये यांनी ताणावरचे आपले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक लिहिले. ते डॉक्टरांसाठी नव्हते, सामान्य वाचकांसाठी होते. त्याच वर्षी हंगेरीत जनतेने उठाव केला आणि रणगाडे रस्त्यावर आले. त्या गोळीबारात सेल्ये यांच्या आईचा बळी गेला. दुःखावर अभ्यास करणाऱ्याच्या वाट्यालाही दुःख येतेच. सेल्ये यांनी काम थांबवले नाही.

ताण म्हणजे नेहमी वाईटच, असे सेल्ये कधी म्हणाले नाहीत. १९७४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हेच समजावून सांगितले. खेळाच्या मैदानावर उतरताना ताण येतो. स्पर्धेत बोलताना, नवी विद्या शिकताना ताण येतो. असा ताण माणसाला पुढे नेतो. जो ताण संपतच नाही आणि ज्यात काही आनंदही नाही, तो माणसाला पोखरतो. ताण पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. आपल्या शक्तीला पेलेल आणि आपल्याला आवडेल असे काम निवडावे, इतरांच्या उपयोगी पडून त्यांचे प्रेम मिळवावे, असा मार्ग त्यांनी सुचवला.

थोर माणसांचे चरित्र वाचताना त्यांच्या उणिवाही पाहिल्या पाहिजेत. सेल्ये यांची काही मते पुढे बदलावी लागली. शरीर प्रत्येक संकटाला अगदी एकच उत्तर देते, असे त्यांना वाटे. पण संकट कोणते आहे आणि आपण ते कसे समजून घेतो, यावरही शरीराचे उत्तर अवलंबून असते, हे नंतर कळले. माणसाच्या जठरातील बहुतेक व्रणांचे कारण ताण आहे, असे पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी त्यामागे एक जिवाणू असल्याचे दाखवून दिले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सेल्ये यांनी आपल्या संशोधनासाठी तंबाखू उद्योगाकडून पैसे घेतले होते. धूम्रपानाने ताण हलका होतो, असे सांगून त्यांनी त्या उद्योगाची बाजूही मांडली. त्यांच्या मृत्यूनंतर त्या उद्योगाची जुनी कागदपत्रे खुली झाली, तेव्हा हा व्यवहार किती खोल होता हे लोकांना समजले. तंबाखूने लाखो माणसांचे प्राण जातात, हे आपण जाणतो. म्हणून सेल्ये यांच्या शोधाचा आदर करतानाच त्यांची ही चूक झाकून ठेवता येणार नाही. ज्ञान मोठे असले तरी ते कोणाच्या पैशावर उभे आहे, हे तपासावेच लागते.

सेल्ये यांनी सुरू केलेले काम इतर शास्त्रज्ञांनी मेंदूपर्यंत नेले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कचे ब्रूस मॅकइवेन आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक उंदराच्या मेंदूतही जाऊन चिकटते. मेंदूच्या ज्या भागात ते चिकटते त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आठवणी साठवण्यासाठी हाच भाग महत्त्वाचा असतो. म्हणजे मेंदू ताणाचा हुकूम देतो आणि त्या हुकमाचा परिणाम मेंदूवरही होतो. दीर्घकाळ ताण राहिला तर प्राण्यांच्या या भागातील चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात. मात्र ताण संपल्यावर त्या पुन्हा वाढू शकतात. रात्रभर जागून, घाबरून केलेला अभ्यास ऐन वेळी का आठवत नाही, याचे एक कारण तुम्हांला येथे सापडेल. पुरेशी झोप, खेळ आणि जवळच्या माणसांशी मोकळे बोलणे यांनी ताण हलका होतो.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियल येथे डॉ. हान्स सेल्ये यांचे निधन झाले. डॅन्यूबकाठचे त्यांचे गाव आता स्लोव्हाकिया या देशात आहे. तेथे हंगेरियन बोलणारे लोक मोठ्या संख्येने राहतात. २००४ मध्ये त्या गावात एक विद्यापीठ सुरू झाले. त्या लोकांना आपल्या मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू आहे. त्या विद्यापीठाला यानोश सेल्ये यांचे नाव दिले आहे. अनेक भाषा शिकून जगभर फिरलेल्या माणसाचे नाव अखेर त्याच्या बालपणीच्या गावात, त्याच्या वडिलांच्या भाषेत परत आले.

मुलांनो, परीक्षेच्या दिवशी छाती धडधडू लागली तर घाबरू नका. तुमचे शरीर तुमच्याविरुद्ध नाही. ते तुम्हांला मदत करायला सज्ज होत आहे. आणि वर्गात एखादा साधा प्रश्न मनात आला तर तो क्षुल्लक समजून टाकून देऊ नका. आज त्याचे उत्तर मिळाले नाही तरी तो जपून ठेवा. प्रागच्या वर्गात मनात आलेल्या अशाच एका प्रश्नाला अकरा वर्षांनी उत्तर मिळाले.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हान्स सेल्ये यांचे बालपण कोणत्या नदीकाठी गेले?
(आ) सेल्ये यांचे पत्र 'नेचर' मध्ये केव्हा छापून आले?
(इ) सेल्ये यांना कठीण काळात कोणी आधार दिला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रागमधील वर्गात हान्सला कशाचे नवल वाटले?
(आ) फॉर्मॅलिनच्या प्रयोगाने सेल्ये निराश का झाले?
(इ) संकटाला तोंड देताना शरीर कोणत्या तीन अवस्थांतून जाते?

प्र. ३. शोधाचा आदर करतानाही शास्त्रज्ञाची चूक झाकून ठेवू नये, असे लेखकाला का वाटते? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. ४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नवल वाटणे, तोंड देणे, पाठीशी उभे राहणे, ध्यानात येणे.